खारूचा पत्ता

पंधरा दिवसांच्या सुट्टीला म्हणून मुलगा नातीला घेऊन परदेशी गेला, आणि ते दोघं परत यायच्या दिवशी सून विमानतळावरून एकटीच आली. ती घरी गेली नाही. तडक सासूच्या दुकानात शिरली आणि आरशासमोरच्या स्टुलावर बसली. बाहेर गारठा होता म्हणून लेकीसाठी नेलेलं स्वेटर अजून तिच्या हातात होतं.

"आली नाहीत," ती म्हणाली.

"विमान उशिरा असेल."

"विमान आलं, आई. सगळी माणसं बाहेर पडली. शेवटी बॅगा ओढत विमानातल्या पोरीसुद्धा निघून गेल्या. मग लादी पुसणारा आला आणि मला म्हणाला, जरा बाजूला व्हा."

सासूने मशीनवरचा पाय उचलला. तिचं दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. दोन शिलाई मशिनं, एक इस्त्रीचं टेबल आणि भिंतीभर टांगलेले लोकांचे कपडे. पँटची लांबी कमी करायची, कंबर ढिली करायची, तुटलेली चेन बदलायची, असली कामं ती करायची. गल्लीतले सत्तरीचे आजोबासुद्धा तिला मावशी म्हणत. कोणाची कंबर वर्षभरात किती सुटली हे मावशीला नेमकं ठाऊक असे, आणि ते तिच्या तोंडून कधी बाहेर पडत नसे, म्हणून गिऱ्हाइकांचा तिच्यावर जीव होता.

संध्याकाळी सुनेच्या फोनवर मुलाचे चार शब्द आले. आम्ही इथेच राहणार आहोत. खारू मजेत आहे. त्यानंतर त्याचा नंबर बंदच झाला.

खारू म्हणजे नात. बारशातलं नाव दुसरंच होतं, पण चालायला लागली तेव्हापासून ती टेबलावर, कपाटावर, जिथे पाय टेकेल तिथे चढून बसायची, म्हणून खारूताई, आणि पुढे नुसती खारू. आता ती सात वर्षांची होती.

नवराबायकोचं वर्षभर बिनसलं होतं. भांडणात आरडाओरडा कमी आणि अबोलाच जास्त. सून पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवायची, सकाळी एक पाळी, संध्याकाळी एक. मुलगा नकाशे काढायच्या ऑफिसात होता, ते बंद पडलं, आणि तो घरी बसला. पण तो हातपाय गाळून बसला नाही. खारूचा डबा, वेण्या, शाळा, ताप, सगळं त्याने अंगावर घेतलं. वेगळं व्हायचं बोलणं निघालं तेव्हा त्याला एकच भीती खात होती, की पोर आईकडे जाईल आणि आपण रविवारचे पाहुणे होऊ. ही भीती त्याने आईजवळ बोलून दाखवली होती. तो काय करून बसेल हे मात्र तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"सुट्टीला नेण्याच्या कागदावर मीच सही केली," सून म्हणाली. "नाही म्हटलं असतं तर मी कजाग ठरले असते."

दुसऱ्याच दिवशी दोघी वकीलबाईंकडे गेल्या. चपलांच्या दुकानावरचं त्यांचं ऑफिस, जिना इतका अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाने उलटं उतरायचं. वकीलबाई सतत पेपरमिंट चघळायच्या आणि गोळी गालात सारून बोलायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"साध्या भाषेत सांगते," त्या म्हणाल्या. "पळवून नेलेली पोरं परत पाठवायची, असा बऱ्याच देशांचा आपसात करार आहे. आपला देश आता कुठे त्यात आलाय, तो देश आधीपासून आहे, हे तुमचं नशीब. आज अर्ज केला तर इथलं सरकारी कार्यालय तो तिकडच्या कार्यालयाला पाठवेल. तिकडचं कोर्ट आई चांगली की बाप चांगला, हे बघत बसणार नाही. ते दोनच गोष्टी विचारेल. पोर नेहमी राहत होतं कुठे? आणि त्याला तिकडे ठेवून घ्यायला दुसऱ्या पालकाची संमती होती का? नसेल, तर पोर परत. पुढचं भांडण इथल्या कोर्टात."

"संमती नव्हतीच!"

"तुम्ही म्हणता. तो म्हणेल, कायमचं जायचं आमचं दोघांचं ठरलंच होतं, हिने आयत्या वेळी शब्द फिरवला. तिथे तुमच्या शब्दासमोर त्याचा शब्द. आणि दुसरी अडचण म्हणजे पत्ता. देश माहीत आहे, पण देश म्हणजे काय एक गल्ली आहे? तिकडची माणसं शोधतील, पण त्यांच्या चालीने. आणि आपल्याला वर्षाच्या आत कोर्टापुढे उभं राहायला हवं. वर्ष उलटलं, की पोर आता इथे रुळलं, त्याला हलवू नका, असं म्हणायला तो मोकळा."

मग त्या सासूकडे वळल्या. "तुम्हाला फोन आला का मुलाचा?"

"नाही," मावशी म्हणाली. त्या दिवशी ते खरं होतं.

फोन आला पुढच्या मंगळवारी, दुपारी, दुकानाचं शटर अर्धं ओढून ती डबा उघडत होती तेव्हा. नंबर अनोळखी होता.

"ए आई, मी बोलतोय."

आधी तिने त्याला शिव्या घातल्या. मग रडली. मग जेवलास का, विचारलं.

"आई, ऐक. तू तिला काही सांगायचं नाहीस. सांगितलंस तर हा नंबरही बंद करावा लागेल मला. दर मंगळवारी फोन करीन. खारूशी बोलायला देईन."

"अरे, तिच्या आईचा जीव टांगणीला लागलाय."

"माझा लागला नसता का? वर्ष एकदा निघू दे. माझा वकील म्हणतो, मग कोणी काही करू शकत नाही. तोवर तिला काही कळू द्यायचं नाही. एवढंच कर माझ्यासाठी." आणि तिला काही बोलू न देता त्याने फोन खारूच्या हातात दिला.

"आजी! इथे शाळेत मला कोणी खारू म्हणतच नाही. आणि आमच्या घराच्या खाली पावाचं दुकान आहे, सकाळी गादीला पण वास येतो. आई कधी येणार?"

"येईल," मावशी म्हणाली.

"बाबा म्हणाले, तिच्या मुलांची पोहायची स्पर्धा झाली की येईल. केव्हा आहे स्पर्धा?"

असे मंगळवार येत गेले. मावशी दुपारची वाट बघायची आणि दुपार झाली की फोनकडे बघायची तिला भीती वाटायची. पोर भाबडेपणाने सगळं सांगायची. शाळेचं नाव, शाळेसमोरचा घड्याळाचा मनोरा, वर्गातली मैत्रीण. मावशीने काही विचारलं नाही तरी ते कानावर पडायचंच. आणि संध्याकाळची पाळी संपली की सून यायची, ओल्या केसांची, अंगाला तलावाच्या औषधाचा वास घेऊन. घर खायला उठतं म्हणायची आणि स्टुलावर बसून राहायची. कधी टाचण्या वेचून डबीत भरायची. बोलायची ते सगळं खारूचंच. अर्ज गेला होता. तिकडून उत्तर आलं होतं, शोध चालू आहे.

मावशी मान खाली घालून शिवायची. एकदा तिने एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एकच पाय आखूड केला आणि दुसरा तसाच ठेवला. तो बिचारा आरशासमोर उभा राहून म्हणाला, "मावशी, मी चढावर राहतो हे तुम्हाला कोणी सांगितलं?" सगळे हसले. मावशीही हसली, आणि पडद्यामागे जाऊन डोळे पुसून आली.

मग एका मंगळवारी खारू म्हणाली, "आजी, माझा दात पडला! पुढचा, वरचा. मी आईसाठी जपून ठेवलाय. काडेपेटीत. आईला सांग हं, हरवणार नाही म्हणावं."

"सांगते," मावशी म्हणाली, आणि सांगितलं नाही. एक आठवडा गेला. आणखी दोन गेले. एका संध्याकाळी सून टाचण्या भरता भरता सहज, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "जाताना तिचा पुढचा दात हलत होता. दोरा बांधू म्हणत होते मी, तर घरभर पळाली. पडला असेल का हो आता?"

मावशीच्या हातातलं काम थांबलं.

"पडला," ती म्हणाली.

"असेलच ना. इतके दिवस..."

"असेल नाही. पडला. वरचा. तुझ्यासाठी काडेपेटीत ठेवलाय तिने."

सून बघतच राहिली. तिचा चेहरा आधी उजळला, अगदी क्षणभर, आणि मग त्यावरून सगळं पुसलं गेलं.

"तुम्हाला कसं माहीत?"

मावशीने सांगितलं. काहीही हातचं राखलं नाही. सून उठली. पिशवी खांद्याला लावून बाहेर पडली. काचेतून मावशीला ती कोपऱ्यापर्यंत जाताना दिसली. तिथे ती एका गाडीला टेकून उभी राहिली, किती वेळ कोण जाणे. मग परत आली आणि दारातूनच विचारलं,

"आवाज कसा येतो तिचा? बारीक झालाय का?"

"नाही गं. तसाच आहे. आता जरा स ला श म्हणते, दातामुळे."

तेव्हा सून दारात खाली बसली आणि मोठ्याने रडली. मावशीने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. तिने तो झिडकारला नाही, पण धरलाही नाही.

सकाळी दोघी वकीलबाईंसमोर होत्या. शाळेचं नाव, मनोरा, पावाचं दुकान, सगळं लिहून घेताना वकीलबाईंनी पेपरमिंट तोंडातून काढून कागदात गुंडाळली.

"पत्त्याचं काम झालं. पण तो वर्ष निघू दे म्हणाला, तिला कळू देऊ नकोस म्हणाला, हे तुम्हाला शपथेवर सांगावं लागेल, मावशी. ज्याच्याकडे संमती असते तो वर्ष मोजत बसत नाही. केस यावर उभी राहील."

"माझ्या मुलाच्या विरुद्ध."

"तुमच्या मुलाच्या विरुद्ध. साक्ष व्हिडिओवरून होईल, तो पडद्यावर समोर असेल. मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. सांगितलंत तर नात येईल, मुलगा बहुधा जाईल. नाही सांगितलंत तरी कोणी तुम्हाला धरून आणणार नाही."

"त्याला तुरुंगात घालतील?"

"हा अर्ज पोर परत आणायचा आहे, बापाला शिक्षा करायचा नाही. पोलिसांत तक्रार तुमच्या सुनेने केलेली नाही, आणि करू नका असं मीच सांगितलंय. बापाला इथे उतरताच बेड्या पडणार असतील तर पोर पाठवायला तिकडचा न्यायाधीशही कचरेल."

मावशीने सुनेकडे पाहिलं. सून खिडकीबाहेर बघत होती. ती विनवण्या करत नव्हती, आणि तेच मावशीला सोसवेना.

"बोलते मी," ती म्हणाली.

नोटीस त्याला पोहोचली त्या मंगळवारी फोन आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही.

सुनावणीच्या दिवशी वकीलबाईंच्या टेबलावर पडदा लावला. एका चौकटीत न्यायाधीशबाई, एकीत दुभाषी, एकीत मुलगा आणि त्याचा वकील. मावशीने मुलाला इतक्या महिन्यांनी पाहिलं. तिची नजर आधी त्याच्या शर्टावर गेली. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. शर्ट जुनाच होता, माणूस आत वाळला होता. ती बोलू लागली तसा तो टेबलाकडे बघत राहिला. सगळं ती सांगून गेली, एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. दुभाषी मागोमाग तेच परक्या भाषेत बोलत होता, आणि आपलंच बोलणं दुसऱ्या कोणाची तरी चुगली असल्यासारखं तिला वाटत होतं.

मग मुलाच्या वकिलाने विचारलं, "तुमचा मुलगा चांगला बाप आहे का?"

"आहे. त्या पोरीचं त्याने जितकं केलं तितकं मी त्याचंही केलं नाही."

वकीलबाईंनी चमकून तिच्याकडे पाहिलं. मुलाने मान वर केली.

"मग मुलीने त्याच्याकडे राहायला तुमची काय हरकत आहे?"

"माझी हरकत कोण विचारतंय? तो काय म्हणाला ते विचारलंत, ते मी सांगितलं."

"सुनेने संमती दिली नव्हती, हे तुम्ही कशावरून म्हणता? दोघांचं बोलणं तुम्ही ऐकलं होतं?"

"बोलणं नाही ऐकलं. पोर परत यायच्या दिवशी सून गारठ्यात तिचं स्वेटर घेऊन विमानतळावर उभी होती. येणार नाही हे ठाऊक असतं तर स्वेटर कशाला नेलं असतं?"

दुभाष्याने हे सांगितलं आणि न्यायाधीशबाईंनी काहीतरी टिपून घेतलं. मुलाने तेव्हा कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. यापुढे आईचा आवाज त्याला ऐकायचा नव्हता. साक्ष संपेपर्यंत ते तसंच टेबलावर होतं.

निकाल सुनेच्या बाजूने लागला. मूल परत पाठवा, बापाला रोज बोलू द्या, त्याच्यावर तक्रार करणार नाही असं आईने लिहून द्यावं. सून तिकडे गेली आणि आठवड्याने खारूला घेऊन आली. पोर उंच झाली होती. दुकानात आली, पण टेबलावर चढली नाही. दाराशीच उभी राहिली.

"बाबा म्हणाले, तू सांगितलंस."

सून मध्ये बोलायला गेली. मावशीने तिला हाताने थांबवलं. "हो, मी सांगितलं."

"बाबा बाथरूममध्ये रडत होते. नळ सोडून. पण मला ऐकू येत होतं."

मावशी खाली बसली, पोरीच्या उंचीला आली. "तुझी आई पण रडत होती, खारू. इथेच, तू उभी आहेस तिथे. मला दोघांचं रडणं थांबवता आलं नाही."

खारूने विचार केला. "माझी तुझ्याशी कट्टी," ती म्हणाली.

"बरं."

कट्टी बरेच दिवस चालली. खारू दुकानात यायची, कोपऱ्यात बसून चित्रं काढायची, आजीकडे बघायचीही नाही. मग एक दिवस रस्त्यावर कुत्र्याने कोणाची तरी टोपी पळवली, आणि ती ओरडली, "आजी, आजी, बघ ना लवकर!" नंतर तिला आठवलं असावं, पण तोवर उशीर झाला होता.

मुलगा पुढच्या तारखेला इथल्या कोर्टात आला. ताबा कोणाकडे, भेटी कशा, हे ठरायचं होतं. कोर्टाच्या बोळात बाकं कमी आणि माणसं जास्त. मावशी भिंतीला धरून उभी होती, तिचे गुडघे दुखत होते. बाकावर टोकाला तो बसला होता. तिला पाहून तो उठला.

"बसा तुम्ही," तो म्हणाला.

तिला वाटलं, मागे कोणी वकील आहे. तिने वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. जन्मल्यापासून ज्याने तिला अगं आणि ए आई म्हटलं, रागातसुद्धा तूच म्हटलं, तो बँकेतल्या अनोळखी बाईला जागा द्यावी तसा बाजूला सरकून उभा होता.

"राजा, अरे..."

"बसा. मला आत बोलावतील आता."

ती बसली. लाकूड अजून त्याच्या अंगाने कोमट होतं. तिने दोन्ही हात बाकावर टेकून ठेवले आणि लाकूड गार होईपर्यंत उचलले नाहीत.

खारू आईकडे राहिली. मोठ्या सुट्ट्या बापाच्या, पण याच देशात, आणि दर रविवारी फोन. तो कामासाठी परत तिकडे गेला. सून सासूशी वाईट वागली नाही. येते, औषधं आणते, आई म्हणते. पण स्टुलावर नुसती येऊन बसत नाही. मावशीने फोन लपवले त्या मंगळवारांबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत.

रविवारी सकाळी सुनेचा मोठा वर्ग असतो, म्हणून खारू तेव्हा आजीच्या घरी असते आणि बापाचा फोन तिथेच येतो. पहिल्याच रविवारी खारूने आनंदाने फोन आजीकडे वळवला, "बाबा, आजी पण आहे बघा!" आणि पडदा काळा झाला. पोर कितीतरी वेळ हॅलो हॅलो करत राहिली. तेव्हापासून फोन वाजला की मावशी उठते, चप्पल घालते, दार ओढून घेते आणि बाहेर जिन्यावर बसते. शेजारीण येता-जाता विचारते, "काय मावशी, नातीने घराबाहेर काढलं का?" मावशी हसते. दार पातळ आहे. शब्द कळत नाहीत, पण आवाज येतो. तो हसतो ते कळतं. कधी खारूला काहीतरी वाचून दाखवतो, तेव्हा आवाज एका लयीत बराच वेळ येत राहतो, आणि मावशी कठड्याला डोकं टेकून ऐकते.

परवाच्या रविवारी त्याला खोकल्याची उबळ आली. थांबली, पुन्हा आली. कोरडा, खोलवरून आलेला खोकला होता. लहानपणी त्याला असाच यायचा आणि ती रात्रभर त्याची छाती शेकायची. ती उठून उभी राहिली, दाराच्या कडीला हात लावला, आणि परत खाली बसली.

थोड्या वेळाने खारूने दार उघडलं. "झालं आजी, ये आत."

"खारू, तो खोकतोय किती दिवस?"

"माहीत नाही. विचारू पुढच्या वेळी?"

"विचार," मावशी म्हणाली, कठडा धरून उठत. "पण मी विचारलं म्हणून सांगू नकोस."